न जन्मलेल्या पणतूंची वाटणी

आमच्या घरात माझ्या आधी कोणी सही केली नव्हती. अंगठे मात्र सर्वांचे ठसठशीत उमटत. त्यामुळे मी नागपूरहून परीक्षा पास होऊन आलो तेव्हा नेमके काय होऊन आलो, हे घरात कोणालाच नीट सांगता येईना. वडिलांनी रिसोडच्या बाजारात एका ओळखीच्या माणसाला सांगितले की धाकटा बी.ए. झाला. त्या माणसाने काळजीने विचारले, "मंग आता कसं काय हाये त्याले?" वडील म्हणाले, "आता बरा हाये. वाशीमले मास्तर हाये."

ही गोष्ट वडील स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत. मीही हसतो, पण मला त्यात त्यांचे उपकार आठवतात. चार भाऊ, वीस एकर जमीन, आणि त्यातल्या एका भावाला वखर सोडून पुस्तक धरू दिले, ही लहान गोष्ट नव्हे. ज्या हंगामात मी कॉलेजात उताणा पडून अर्थशास्त्र वाचत होतो, त्या हंगामात माझ्या वाट्याचे निंदण मोठ्या भावाने केले. त्याने ते मला कधी ऐकवले नाही. फक्त मी गावी गेलो की तो माझे हात उलटेसुलटे करून पाही आणि वहिनीला म्हणे, "पाह्य, लोण्यासारके हायेत."

नोकरी लागल्यावर सोयरिकी येऊ लागल्या. आमच्याकडे हे काम एका बांगडीवाल्याने हाती घेतले होते. तो मंगरूळपीरचा. आम्ही सगळे त्याला चाचा म्हणत असू. बांगड्यांची पेटी घेऊन तो गावोगावच्या बाजारांना जाई. घराच्या आतल्या खोलीपर्यंत ज्याला वाट मोकळी आहे असा परका पुरुष म्हणजे तोच, त्यामुळे कोणत्या घरची मुलगी लग्नाची झाली हे भटजीच्या आधी चाचाला कळे. त्याने आणलेल्या पहिल्या दोन स्थळांचे वर्णन त्याने मनगटांवरून केले होते. तिसऱ्या वेळी मात्र तो वेगळेच बोलला. शिरपूर जैनच्या जवळच्या एका गावची मुलगी. मराठी चौथी शिकलेली. तो बांगड्या भरायला बसला की ही पोरगी बांगड्या पाहण्याआधी त्या ज्यात गुंडाळल्या असतील तो वर्तमानपत्राचा तुकडा मागून घेते आणि वाचत बसते. चाचा तक्रारीच्या सुरात म्हणाला, "हात पुढे कर म्हटलं तर डावा देते. उजव्या हातात कागद."

मला स्थळ तिथेच पसंत पडले. मुलगी पाहण्याचीही गरज वाटेना. वाशीमला मी राहत असलेल्या खोलीत माझ्याजवळ एक पाट, एक कंदील आणि अठ्ठावीस पुस्तके होती, आणि ती पुस्तके पाहून जी हातातले काम टाकील अशी बायको मिळणे त्या काळी आमच्या भागात फार अवघड होते. मी चाचाला तसे सांगितले नाही. "वडिलांना विचारा" एवढेच म्हणालो. पण चाचाने माझे तोंड पाहिले आणि तो त्याच पावली गावी वडिलांकडे गेला. पुढच्या गोष्टी, म्हणजे जमीन किती, बैल किती, भाऊ किती, या त्या दोघांत झाल्या. नवऱ्या मुलाला त्या सांगायची पद्धत नव्हती. ही पद्धत नसती तर पुढचे काहीच घडले नसते.

नुकतीच शिरगणती होऊन गेली होती. घरांच्या चौकटींवर गेरूचे आकडे अजून होते. लोकांत चर्चा होती की सरकारने माणसे मोजली ती कशासाठी. कोणी म्हणे डोईपट्टी बसणार, कोणी म्हणे लढाईला नेणार. तेव्हा वाशीमच्या वाचनालयाच्या चालकांनी मला व्याख्यान देण्यास सांगितले. विषय मीच निवडला: 'जगाची वाढती लोकसंख्या आणि तिचे भवितव्य'. नागपूरला आमच्या प्राध्यापकांनी हा विषय फार सुंदर शिकवला होता. जगात दोनशे कोटी माणसे आहेत हे त्यांनी सांगितले, तेव्हा मी वर्गात बसल्या बसल्या मागे वळून पाहिले होते. तो थरार वाशीमच्या लोकांनाही द्यावा असे मला मनापासून वाटले.

व्याख्यानाच्या दिवशी वडील आणि मोठा भाऊ गावाहून बैलांची दमणी जुंपून आले. मला भरून आले. आयुष्यात कधी व्याख्यान न ऐकलेला माझा बाप पहिल्या रांगेत, धुतलेला फेटा बांधून बसला होता. त्यांच्या मागे दोन रांगा सोडून एक उंच, पिळदार मिशीचे गृहस्थ तीन माणसांसह बसले होते. ते कापसाच्या कामासाठी वाशीमला आलेले कोणी शेतकरी असतील असे मी समजलो. ते मुलीचे वडील होते. नवरा मुलगा कसा बोलतो ते त्याला न कळवता पाहावे म्हणून चाचानेच त्यांना आणले होते. वडिलांना हे ठाऊक होते, भावाला ठाऊक होते, वाचनालयाच्या शिपायालाही ठाऊक होते.

मी फळ्यावर पृथ्वीचा गोल काढून सुरुवात केली. चीनमध्ये किती माणसे, हिंदुस्थानात किती, विलायतेत किती. लोक शांत होते. मग मला वाटले की एवढे मोठे आकडे शेतकरी माणसाच्या डोक्यात बसत नाहीत, त्यांना जवळचे उदाहरण द्यावे. पण उदाहरण आपल्या घरावर जाऊ नये. आपली वीस एकर जमीन आणि चार भाऊ लोकांना माहीत आहेत, तेव्हा कोणी गैरसमज करून घेऊ नये म्हणून मी विचारपूर्वक जमीन तिप्पट केली.

"एक शेतकरी घ्या," मी म्हणालो. "त्याची साठ एकर जमीन आहे, आणि त्याला चार मुलगे आहेत."

पहिल्या रांगेत वडिलांना खोकला आला.

मी पुढे गेलो. हा शेतकरी एक दिवस मरण पावला असे धरा. मुलांना पंधरा-पंधरा एकर आले. प्रत्येकाला पुन्हा चार मुलगे झाले असे धरा. नातू झाले सोळा, वाट्याला पावणेचार एकर. वडिलांचा खोकला वाढला. मी व्याख्यान थांबवून शिपायाला पाणी द्यायला सांगितले. पाणी पिऊन ते माझ्याकडे असे काही डोळे करून पाहू लागले की मला वाटले, विषय त्यांना भिडला. म्हणून मी जोर केला. पणतू झाले चौसष्ट. एकाच्याही वाट्याला पुरा एकर नाही. वखर घातला तर बैल वळवायला शेजाऱ्याच्या वावरात जावे लागेल. हेच सगळ्या जगाचे होत आहे, आणि असेच चालले तर एक दिवस माणसाला निजायला जागा उरणार नाही, त्याला उभ्यानेच झोपावे लागेल.

टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्याने उठून मला विचारले की मास्तर, तुम्ही आपल्या बापाचे कितवे? मी म्हणालो, चौथा. लोक पोट धरून हसले. मीही हसलो. ते उंच गृहस्थ मात्र उठून, टोपी सारखी करून, कोणाशी न बोलता निघून गेले. त्यांच्या मागे चाचा चपला हातात घेऊन धावला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना तो फाटकाशी उभा होता. त्याने पेटी खाली ठेवली.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमी बुढ्याले भर सभेत मारून टाकलं."

मला काही समजेना. मग त्याने एकेक करून सांगितले. ते गृहस्थ कोण होते. त्यांची जमीन किती होती. मुलगे किती होते. मी फाटकाचा खांब धरला. साठ आणि चार. जगातल्या सगळ्या आकड्यांतून मी नेमके तेच दोन उचलले होते.

आमच्या भागातल्या माणसालाच याचे गांभीर्य कळेल. बाप जिवंत असताना त्याच्या जमिनीची वाटणी तोंडाने बोलणे हा आमच्याकडे अपशकून समजतात. मुलेसुद्धा आपसांत कुजबुजतात, पण अंगणात बोलत नाहीत. आणि येथे होणाऱ्या जावयाने, अजून सुपारी फुटलेली नसताना, गॅसबत्तीच्या उजेडात, दोनशे लोकांसमोर, फळ्यावर खडूने सासऱ्याला मारले, त्याची जमीन मुलांत वाटली, नातवांत वाटली आणि पणतवंडांना बैल वळवायलाही जागा ठेवली नाही. ते गावी जाऊन म्हणाले होते, "मी जित्ता हाये, अन् त्या पोट्ट्यानं माहा तेरावा करून टाकला. अशा घरी पोरगी नाही द्यायची."

मी चाचाला समजावू लागलो की ते फक्त उदाहरण होते, शास्त्रात असे काल्पनिक शेतकरी घ्यावे लागतात. चाचा म्हणाला, "काल्पनिक घ्या ना. गरीब घ्या, दोन एकरवाला. त्याले कोण इचारते? तुमी साठ एकरवाला कायले घेतला?"

रविवारी मी गावी गेलो. वडील माझ्याशी बोलत नव्हते. मोठा भाऊ बोलला. त्याचे म्हणणे असे की खोकला ऐकून कोणीही शहाणा माणूस थांबला असता. मी विचारले, मला आधीच का सांगितले नाही? तो म्हणाला, सांगितले असते तर तू लाजला असतास. मग थोड्या वेळाने त्याने बैलाच्या पाठीवर हात फिरवत दुसरी गोष्ट विचारली. लोक म्हणतात की तू ते उदाहरण सासऱ्यावर टाकले, पण खरे म्हणजे तू आपल्या घरची वाटणी मागत होतास. तसे आहे काय? मी शपथ घेऊन नाही म्हणालो. तो "बरं" म्हणाला, पण हात बैलावरच राहिला.

तीन आठवडे असे गेले. त्या काळात मला झोप लागत नव्हती म्हणणे खोटे होईल. शिकवण्याने माणूस दमतो. पण जेवताना पाटाशेजारची पुस्तके दिसली की घास फिरत असे. ती मुलगी दुसरीकडे दिली जाणार हे मला स्वच्छ दिसत होते. कारंज्याकडचे एक स्थळ तिला येऊन गेल्याचेही चाचाने सांगितले. तिकडचा मुलगा व्याख्याने देत नव्हता.

शेवटी चाचानेच वाट काढली. त्याने मुलीच्या वडिलांना पटवले की जे सभेत मोडले ते सभेतच जोडून घ्यावे. मास्तर तुमच्या गावी येईल आणि सर्वांसमोर तुमची जमीन पुन्हा एक करून देईल. ही रीत त्यांना पटली. भांडणात असेच करतात. ज्या पारावर शिवी दिली त्याच पारावर पाय धरायचे.

वडील, मोठा भाऊ, चाचा आणि मी दमणीतून गेलो. वाटेत वडील पहिल्यांदा माझ्याशी बोलले. ते म्हणाले, "आता तेथी जाऊन पृथ्वी नको काढू."

मुलीच्या घरचे अंगण सारवून ठेवले होते. ओसरीवर घोंगड्या. गाव सगळा जमला होता, कारण जमीन जोडण्याचा कार्यक्रम कोणी पाहिलेला नव्हता. मुलीचे वडील मधोमध बसले होते. ओसरीच्या मागच्या दाराला पडदा होता आणि पडद्याखाली काही पावले दिसत होती. त्यांतली तिची कोणती, हे ओळखण्याचा मी प्रयत्न केला आणि मग खाली पाहिले.

फळा नव्हता. मुलीच्या मामाने तुरीचे दाणे भरलेले सूप आणून ठेवले आणि म्हणाला, मास्तर, आमाले दाण्यात सांगा. त्याने अंगणात सुतळीने एक चौकोन आखला. ते साठ एकर. मग तो दाणे मांडू लागला, आमच्याकडे रास मोजताना मोजतात तसे, पहिल्याला एक न म्हणता लाभ म्हणून. लाभ, दोन, तीन. असे चौसष्ट पणतू त्या वावरात उभे राहिले.

"करा आता एक," मुलीचे वडील म्हणाले.

मी दाण्यांकडे पाहत बसलो. मी घरून निघताना क्षमा मागायची एवढेच ठरवले होते. हिशोबाचा विचारच केला नव्हता. जमीन एक करायची म्हणजे पणतू कमी करायचे. पणतू कमी करायचे म्हणजे कोणाला तरी मारायचे, नाही तर जन्मालाच येऊ द्यायचे नाही. ज्याने सासऱ्याला एकदा मारले, त्याने आता सासऱ्याच्या अंगणात बसून त्याचे वंशज मारायचे. शास्त्रात तिसरा उपाय होता. मी तो चाचपडत सांगितला. म्हणालो, माणसे एका जागेहून दुसऱ्या जागी जातात, त्यामुळेही भार कमी होतो.

"म्हंजे नोकरीले?" मामाने विचारले.

"हो. नोकरीला, धंद्याला."

लोकांत एकदम जीव आला. मामाने एक दाणा उचलला आणि म्हणाला, हा पोलिसात गेला. मुलीच्या वडिलांनी तो परत ठेवायला लावला. त्यांच्या घराण्यात पोलीस नको. बरं मग रेल्वेत. रेल्वे चालली. त्यांनी स्वतः विचारून घेतले की वाशीम ठेसनावरच का, तर हो, वाशीमलाच, म्हणजे सणाला घरी येता येईल. दोघे कापसाच्या जिनात लागले. एकाला कीर्तनकार करावे असे एका म्हाताऱ्याने सुचवले, पण कीर्तनकार पुन्हा घरीच जेवायला येतो, असे निघाल्यावर त्याला वगळले. पाच जणांना सरहद्दीपलीकडे मोगलाईत पाठवले, कारण तेथे जमीन सस्ती. त्यांतल्या एकाने तेथेच लग्न करून राहावे की नाही यावर मामा आणि मुलीचे वडील यांच्यात बाचाबाची झाली. "माह्या पणतूले तू कोण होतो पाठवणारा," असे ते म्हणाले तेव्हा मला पहिल्यांदा बरे वाटले. पणतू त्यांचे झाले होते.

तरी वावरात गर्दी होतीच. एकाने मला विचारले की मास्तर, तुम्ही जगाचे सांगता, तर जगात कुठी खाली जागा हाये काय. मी उत्साहाने सांगितले की आहे, ऑस्ट्रेलिया नावाचा मोठा मुलूख आहे, मैलच्या मैल रिकामा आहे. मुलीच्या वडिलांनी मान वर केली.

"तेथी ज्वारी होते?"

"गहू होतो," मी म्हणालो. "आणि मेंढ्या."

त्यांनी विचार केला. "गव्हावर माणूस किती दिवस राहीन," ते म्हणाले, आणि ऑस्ट्रेलिया रद्द झाला.

इतक्यात शेजारच्या घरची एक कोंबडी अंगणात आली. कोणाचे लक्ष नव्हते. तिने सुतळी ओलांडली आणि टपाटप तीन-चार पणतू खाल्ले.

मामाने तिला हाकलले, पण दाणे परत कसे आणायचे? सुपातले दुसरे ठेवावेत तर ते बरे दिसेना. मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला. मी खरेच सांगतो, ते तुरीचे दाणे होते हे त्या क्षणी अंगणात कोणालाही आठवत नव्हते. अपशकून झाला होता, आणि तो माझ्यासमोर झाला होता, म्हणजे माझ्यामुळेच. चाचाने पेटीवर हात ठेवला. आता उठावेच लागणार असे त्याला वाटले असावे.

तेव्हा पडद्यामागून एक आवाज आला. मुलीच्या आईचा. तो मोठा नव्हता.

"मास्तरले एक इचारा. चौसष्ट कुठून आणले त्यायनं? मले नऊ झाले. चार पोरं अन् एक पोरगी उरली. गेले ते कुठी मांडले हिशोबात?"

मी उठून उभा राहिलो. पडद्याशी कसे बोलावे हे मला माहीत नव्हते, म्हणून शाळेतल्यासारखा हात जोडून उभा राहिलो. म्हणालो, "काकू, शास्त्रात त्यांना जागा आहे. मी माझ्या व्याख्यानात त्यांना घेतले नाही. घेतले असते तर व्याख्यान लांबले असते."

"मंग ते अर्धंच सांगितलं," ती म्हणाली.

"हो."

"माह्यी सासू म्हणे, कोंबडीनं खाल्ले अन् देवीनं नेले, ते मोजू नये. पण मी मोजते. एकेकाचं नाव घेऊन मोजते." मग तिने नवऱ्याला म्हटले, "वावर वाटलं म्हणून तुमी रागावले. येवढे पणतू जगतीन असं त्या पोरानं धरलं तर खरं. आपल्याले कोणं येवढे कधी दिले?"

मी त्या दिवसापर्यंत हा विषय परीक्षेसाठी वाचला होता. माझ्या आईलाही सात झाले होते. चौथा म्हणून मी ज्या सभेत हसलो, त्या सभेत मी खरे तर सातवा होतो.

मुलीचे वडील खाली उतरले, उकिडवे बसले आणि सुतळीतले दाणे एकेक उचलून ओंजळीत घेऊ लागले. सगळे उचलून झाले, तेव्हा त्यांनी ते सुपात टाकले. मोकळ्या चौकोनाकडे पाहून ते म्हणाले, "झालं एक." मग जागेवर येऊन बसले आणि माझ्याकडे वळले.

"तुमी किती भाऊ?"

"चार."

"वावर?"

"वीस एकर."

"म्हंजे तुमच्या वाट्याले पाच. शाळा सोडून करता का तुमी ते?"

मी म्हणालो, नाही. मी शिकवणार. मला दुसरे काही येत नाही.

"मंग ते पाच एकर कायले पाह्यजे तुमाले?" ते म्हणाले. "माह्या चौसष्ट पोट्ट्यायले तुमी रेल्वेत अन् जिनात लावलं. तुमी तर पयलेच लागले. तुमी तुमच्या बापाच्या वावरातून उचललेला दाणा. पोरगी द्यायची तर अशालेच द्यावी, का जो वाटणी मागणार नाही."

सगळ्यांनी आमच्या वडिलांकडे पाहिले. ते बिचारे अडकले. नाही म्हणावे तर सोयरीक मोडते, हो म्हणावे तर एका मुलाची जमीन परक्या अंगणात बसून काढून घेतली असे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. ते खाकरले, आणि मला त्या सभेतला खोकला आठवला, पण या वेळी ते बोलले. "त्याचा तो शिकला. जमीन तीन भाऊ करतीन."

"सभेत बोलले," मामा म्हणाला. "आता फिरता येत नाही."

कोणीतरी आतून साखरेची वाटी आणायला सांगितली. ती येण्याआधीच माझा मोठा भाऊ उठला होता. त्याने पडद्याशी जाऊन वाटी स्वतः हातात घेतली आणि साऱ्या गावाला साखर वाटली. मुलाकडच्या माणसाने मुलीच्या घरी साखर वाटल्याचे मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. चाचाच्या तळहातावर त्याने दोनदा टाकली. चाचा ती चाटत माझ्या कानाशी म्हणाला, "मास्तर, बायको आली, जमीन गेली. सौदा वाईट नाही."

बायको झाल्यावर तिने मला सांगितले की पडद्याखालच्या पावलांत तिची पावले नव्हतीच. ती माडीवर होती आणि खिडकीतून अंगण पाहत होती. मी ऑस्ट्रेलियाचे नाव घेतले तेव्हा तिला वाटले होते की आता हा माणूस सगळे बिघडवणार. तिने आईला खाली जाऊन बोल म्हणून सांगितले होते की आईला स्वतःच बोलावेसे वाटले, हे मी तिला अनेकदा विचारले. ती सांगत नाही.

आम्ही परत निघालो तेव्हा दिवस कलला होता. दमणीत पुढे, बैलांच्या मागे, जिथे हिसके कमी बसतात आणि जिथे भावाने अंथरलेली दुहेरी घोंगडी असते, ती जागा घरात नेहमी त्याची असे. त्या दिवशी त्याने मला तिथे बसवले आणि स्वतः मागे, लाकडावर बसला. मग त्याने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू शिकला ते लय बरं झालं."

मी बी.ए. झाल्यापासून हे तो पहिल्यांदाच म्हणत होता.